‘पुट अप विथ’ म्हणजे काय हो, मॅडम?

आमच्या राजूरला संध्याकाळी माझ्या घराच्या ओसरीवर मुलींचा इंग्रजीचा वर्ग भरतो. वर्ग कसला, दोन सतरंज्या, एक फळा आणि लाईट गेली तर चार्जिंगचा दिवा! मी काही इंग्रजीची शिक्षिका नाही. बी.ए. केलं तेही मराठी आणि इतिहास घेऊन. पण बचतगटाच्या बायका म्हणाल्या, ‘ताई, आमच्या पोरी इंग्रजीतच अडकतात, तेवढं बघा ना.’ म्हणून सुरू केलं. दहावी-बारावीच्या दहा-बारा मुली येतात. कुणाचे वडील खाणीत, कुणाचे चुन्याच्या भट्टीवर, कुणाचे वणीला मजुरीला. घरात मराठी बोलणाऱ्या आहेत, हिंदी बोलणाऱ्या आहेत, दोघी तर घरात तेलुगू बोलतात. इंग्रजीची भीती मात्र सगळ्यांना सारखीच.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस बारावीतली एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. ‘मॅडम, पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत. मग ‘पुट अप विथ’ म्हणजे सोबत वर ठेवणे का?’ बाकीच्या खुदकन हसल्या. तिचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजीतल्या या जोडक्रियापदांची हीच तर गंमत आहे. सुटे शब्द सगळे ओळखीचे असतात आणि एकत्र आले की आपल्याला ओळखही दाखवत नाहीत. लग्नात भेटणाऱ्या काही नातेवाइकांसारखे!

मी म्हटलं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. वहीत लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं, आणि मला वाटलं झालं काम. खरं तर तिथून सुरू झालं.

नियम आधी सांगते, म्हणजे घरी कुणी मुलंबाळं विचारणारी असतील तर उपयोगी पडेल. हे तीन शब्द कधी फुटत नाहीत. जे सहन करायचं ते नेहमी शेवटी येतं. ‘पुट अप विथ द नॉइज’ बरोबर, ‘पुट द नॉइज अप विथ’ चूक. ‘विथ’ गळाला तर अर्थच बदलतो. नुसतं ‘पुट अप’ म्हणजे तंबू ठोकणे, भिंतीवर पाटी लावणे, कुणाला आपल्या घरी मुक्कामाला ठेवणे. आपल्याकडे नागपूरला कुणी साहेब भेटले की विचारतात ना, ‘वेअर आर यू पुट अप?’ म्हणजे उतरलात कुठे? माझ्या एका नणंदेला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा ती घाबरून गप्पच बसली होती, तिला वाटलं काहीतरी तक्रारच आहे! आणि एक गोष्ट. ‘पुट’ हे क्रियापद भूतकाळात बदलत नाही. पुट, पुट, पुट. ‘आय पुट अप विथ इट’ असं कुणी लिहिलं तर ती काल सहन करत होती की आजही करते आहे, हे त्या वाक्यावरून कळत नाही. व्याकरण शिकवताना हे मी किती सहज सांगून गेले होते.

मग मी गृहपाठ दिला, प्रत्येकीनं स्वतःच्या मनानं दोन वाक्यं लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एकीनं लिहिलं, आम्ही धूळ सहन करतो. हे राजूरच्या मुलीला सुचणारच. इथे कोळशाची काळी धूळ आणि चुन्याची पांढरी, दोन्ही मिळतात. दोरीवरचे कपडे उतरवताना दोनदा झटकावे लागतात. एकीनं लिहिलं, मी माझ्या भावाला सहन करते. एकीनं उन्हाबद्दल लिहिलं, एकीनं शाळेतल्या एका सरांबद्दल. ते वाचताना ती म्हणाली, ‘मॅडम, आम्ही त्यांना झेलतो.’ हे ‘झेलणं’ आमच्या भागात हिंदीतून आलेलं. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना झेल म्हटलं की क्रिकेट आठवेल. आमच्याकडे पोरी मास्तर झेलतात, सुना सासू झेलतात.

आणि जिनं तो प्रश्न विचारला होता तिच्या वहीत एकच वाक्य होतं. ‘माय मदर पुट्स अप विथ माय फादर.’

मी लाल पेन घेऊन बसले होते. कर्ता एकवचनी, म्हणून ‘पुट’ला लावलेला ‘स’ बरोबर. शब्दांचा क्रम बरोबर. स्पेलिंग बरोबर. चूक काढायला जागाच नव्हती. मी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. ती काही बोलली नाही, मीही नाही. पण रात्री कणीक मळताना ते वाक्य डोक्यातून जाईना. (हे सगळं मी त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख लागणार नाही एवढंच लिहिते आहे.)

मैत्रिणींनो, तुम्ही कधी मोजलंय का, या एका इंग्रजी शब्दाला मराठीत किती शब्द आहेत ते? मी त्या रात्री जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहीत बसले. सोसणे, साहणे, सहन करणे, चालवून घेणे, खपवून घेणे, निभावून नेणे, कळ काढणे, गिळणे, पचवणे, पोटात घालणे, पदरी पडलं पवित्र झालं म्हणणे. शिवाय तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहेच. पान भरलं. ज्या गोष्टीचा घरात रोजचा वापर, तिला भाषेत शब्द जास्त असणारच.

यातल्या ‘पोटात घालणे’पाशी मी थांबले. त्याचं कारण मला एका जुन्या, जाड इंग्रजी शब्दकोशात सापडलं. पूर्वी इंग्रजीत ‘पुट अप’चा एक अर्थ होता, वस्तू आवरून आत ठेवून देणे. तलवार म्यानात ठेवायची तर हेच क्रियापद. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये येशू पीटरला तलवार म्यानात ठेवायला सांगतो, तिथे ‘पुट अप’च आहे. त्यावरून अपमानही ‘पुट अप’ करू लागले, म्हणजे कुणी अपमान केला तर उत्तर न देता तो मुकाट खिशात ठेवून द्यायचा. पुढे अठराव्या शतकात त्याला ‘विथ’ चिकटलं आणि आजचं रूप झालं. म्हणजे बघा, साहेबानं अपमान खिशात ठेवला, आणि आपण? आपण पोटात घातला! आपल्या नऊवारीला, पाचवारीला खिसा होताच कुठे? खिशातली वस्तू काढून टेबलावर ठेवता येते. पोटात गेलेली काढायची कशी?

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती आपल्या ‘घेणे’ची. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे, आणि आम्हाला बी.ए.ला ती घोकून पाठ करावी लागली होती. इंग्रज क्रियापदाला ‘अप’, ‘आऊट’, ‘विथ’ असली शेपटं लावतो. आपण दुसरं क्रियापदच जोडतो. ‘बोलून टाकलं’ म्हटलं की मोकळं वाटतं, ‘बोलून बसले’ म्हटलं की पस्तावा दिसतो. बोलणं तेच, जोडीदार बदलला की अर्थ बदलला. यातलं ‘घेणे’ आपण तेव्हा लावतो जेव्हा काम स्वतःसाठी असतं. जेवून घे, झोपून घे, शिकून घे.

आता लग्नात मला मोठ्या बायकांनी काय सांगितलं ते आठवते. समजून घे. सांभाळून घे. जुळवून घे. ऐकून घे. थोडं चालवून घे. सगळं ‘घे’! जणू सोसण्याचा फायदा माझाच होता. ‘बोलून टाक’ असं मला एकीनंही सांगितलं नाही. माझा संसार चांगला झाला, ह्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते माझं नशीब. त्या पाच ‘घे’ मुळे झालं असं मला वाटत नाही.

आणि ‘खपवून घेणे’ बघा. हा शब्द होकारात कुणी वापरतच नाही. ‘मी खपवून घेते’ असं कधी ऐकलंय? तो नेहमी ‘खपवून घेणार नाही’ असाच येतो, आणि म्हणतं कोण? मंत्री म्हणतात, ठाणेदार म्हणतात, हेडमास्तर म्हणतात. रोजच्या पेपरात एक तरी मथळा असतो. तुमच्या-माझ्या घरातली बाई म्हणते, ‘चालवून घेते.’ ज्याच्या हातात काही आहे तो खपवून घेत नाही, जिच्या हातात नाही ती चालवून घेते. इंग्रजीत मात्र राणीला आणि मोलकरणीला शब्द एकच, ‘आय वोन्ट पुट अप विथ इट.’ हे मला आवडलं.

त्याच आठवड्यात मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. इंग्रजीत दुःखाला, मरणाला सहसा ‘बेअर’ म्हणतात. ‘पुट अप विथ’ म्हणायचं ते आवडत नसून चालवून घेतलेल्या गोष्टीला. गोंगाट, कुणाची उर्मट वागणूक, गळका नळ. म्हणजे या शब्दाच्या आतच एक कबुली आहे की हे वेगळं असू शकलं असतं. आपलं ‘सोसणं’ मात्र उन्हालाही चालतं आणि मारालाही. म्हणून मी मुलींना सांगितलं, डावीकडे लिहा सोसावंच लागतं ते, उजवीकडे लिहा चालवून घेतो ते.

डावीकडे ऊन गेलं, आजारपण गेलं, आजी वारली ते गेलं, मासिक पाळीचं पोट दुखणं गेलं. त्यावर एकजण म्हणाली, ‘त्याची तर गोळी भेटते, मॅडम!’ मग ते पुसून उजवीकडे. धुळीवरून तर भांडणच जुंपलं. एक म्हणे राजूर आहे तर धूळ राहणारच, डावीकडे लिहा. दुसरी म्हणे, धूळ काय ढगातून पडते का? रस्त्यावर पाणी मारलं की बसते, ट्रकवर ताडपत्री टाकली की उडत नाही, मग? अर्धा तास वाद चालला. शेवटी धूळ रेघेवरच लिहिली. व्याकरणाच्या वर्गात पोरी एवढ्या बोललेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. ती मुलगी मात्र गप्प होती. सगळ्या घरी गेल्यावर ती मागे राहिली आणि खडूनं उजवीकडे अगदी खाली दोन अक्षरं लिहून गेली. ‘दारू’.

आता मला माझं एक सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं खोटं होईल.

दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या गटातली एक बाई रात्री माझ्याकडे आली होती. गालावर वळ होता. मी तेव्हा नव्या उत्साहाची समाजसेविका! दुसऱ्या दिवशी दोघांना घरी बोलावलं, चहा केला, त्याला चार शब्द सुनावले, त्यानं मान डोलावली. आणि तिला मी म्हटलं, ‘पोरं लहान आहेत गं, थोडं चालवून घे.’ डायरीत तारीख टाकून लिहिलं, ‘समझोता झाला.’ मला अभिमानच वाटला होता. चार महिन्यांनी ती दवाखान्यात दिसली, उजव्या हाताला प्लॅस्टर. सगळ्यांना सांगत होती, न्हाणीत पाय घसरला. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, ‘ताई, तुम्ही सांगतलं तसं चालवून घेतलं मी.’ तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ती डायरी अजून आहे माझ्याकडे. ‘समझोता झाला’ हे शब्द मी खोडले नाहीत.

मला तेव्हा कायदा माहीत नव्हता असंही नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शिबिरात ऐकलं होतं, पत्रकं वाटली होती. पण पत्रक वाटणं वेगळं आणि ओसरीवर बसलेल्या बाईला ते लागू आहे हे कळणं वेगळं. या कायद्यात नुसता मार येत नाही. शिवीगाळ, अपमान, जबरदस्ती, घरखर्चाला पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं, हे सगळं येतं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे. कायद्याचा मार्ग सोडून तिला बाहेर काढता येत नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा सरळ मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात करता येतो, आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत लागावी असं कायद्यातच लिहिलं आहे. वकिलाचे पैसे नसले तर बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ४९८-अ हे कलम सगळ्यांना तोंडपाठ असायचं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात ते ८५ आणि ८६ झालं आहे. आणि १८१ हा नंबर फोनमध्ये असू द्या, कुणासाठीही लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्के बायकांनी सांगितलं की नवऱ्याकडून मार किंवा जबरदस्ती झाली आहे. हा आकडा मोठा आहेच, पण मला दुसरा आकडा जास्त लागला. ज्यांनी असा त्रास भोगला त्यांच्यातल्या फक्त १४ टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली. बाकीच्यांतल्या किती जणींना माझ्यासारखी कुणी ‘चालवून घे’ म्हणणारी भेटली असेल?

तर, ती मुलगी. मी तिच्या घरी गेले नाही. पूर्वी गेले असते, चहा केला असता, समझोता केला असता! या वेळी मुलीला एवढंच म्हटलं, ‘आईला म्हणावं, वर्गाला येऊन बसत जा, दुपारी काम नसलं की.’ आईचं शिक्षण सातवी. तिच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. पहिलीपासून इंग्रजी आपल्या मराठी शाळांत आली ती २००० साली. म्हणजे आईच्या पदरात एबीसीडी आणि थोडीफार वाक्यं एवढीच. पण एक दिवस ती खरंच आली. मागे भिंतीला टेकून बसली, मुलीच्या वहीत पाहत. त्या दिवशी मी मुद्दाम काही वेगळं शिकवलं नाही, ठरलेला धडाच घेतला. फळ्याची रेघ मात्र पुसलेली नव्हती. खालची दोन अक्षरं तिनं वाचली. मुलीचं अक्षर आई ओळखणारच.

वर्ग संपल्यावर ती चपला घालता घालता म्हणाली, ‘ताई, मले वाटे पोरीले काही समजत नसन. मी तर तिच्यासमोर कधी रडली बी नाही.’

मी काहीच सल्ला दिला नाही. खरं सांगते, जिभेवर पाच ‘घे’ पैकी एक आलाच होता, जुनी सवय! तो गिळला. तिला फक्त कायद्यात काय आहे ते सांगितलं, वरच्यासारखंच, साध्या भाषेत. घर कुणाच्या नावावर आहे हे तिनं विचारलं, म्हणजे घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी चालते का, असं दोनदा विचारलं. पोरीची बारावी आहे, परीक्षेआधी घरात काही व्हायला नको, असंही म्हणाली. मी म्हटलं, दिवस तू ठरव. आज, परीक्षेनंतर, कधीही. मी सोबत येईन. तोवर रात्री काही झालं तर माझं दार वाजव, आणि हा नंबर पोरीच्या फोनमध्ये टाकून ठेव.

त्यानंतर तीन आठवडे ती आली नाही. मुलगी येत होती, वही दाखवत होती, मी विचारत नव्हते. वाटलं, राहिलं. असं पुष्कळदा राहतं, आणि राहिलं म्हणून त्या बाईवर रागवायचा मला काही हक्क नाही.

मग एका सोमवारी सकाळी, मी अंगणात सडा टाकत होते, तर ती फाटकाशी उभी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड, आधारकार्ड, दवाखान्याच्या दोन चिठ्ठ्या.

‘ताई, वणीच्या कोर्टात इंग्रजीत बोला लागते का?’

‘नाही गं. आपल्याच भाषेत.’

‘मग उद्या येता का? नऊच्या गाडीनं?’

‘येते,’ मी म्हटलं. तिनं पिशवीचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं आणि कामावर जायला उशीर होतो म्हणून भराभरा निघून गेली.